शंखासाठी लागणारा चुना

वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत खड्डा घेतला की दोन-तीन हातांवर पांढरट खडे लागायला सुरुवात होते. काही हरभऱ्याएवढे, काही लिंबाएवढे. शेतकरी त्यांना चुनखडी म्हणतात आणि बाजूला टाकतात. हे खडे तिथे कसे आले ते नीट समजून घेतले, तर पाळलेल्या गोगलगायीला कॅल्शियम कशातून द्यावे या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच सापडते. म्हणून या पुस्तिकेची सुरुवात मातीपासून केली आहे.

आपल्या पायाखालचा खडक बेसाल्टचा. त्यात कॅल्शियम ऑक्साइडचे प्रमाण साधारण १० टक्के असते. खडक झिजून माती होताना हे कॅल्शियम मोकळे होते. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे तिथल्या तांबड्या मातीतून ते धुऊन समुद्राला मिळते. अकोल्याला साडेसातशे-आठशे मिलिमीटर पाऊस. एवढ्या पाण्याने कॅल्शियम थोडे खाली सरकते, आणि पाऊस थांबला, उन्हे तापली की तिथेच सुकून कार्बोनेट होऊन बसते. त्याचे थरावर थर साचून हे खडे तयार होतात. माती परीक्षणाच्या पत्रिकेत ‘मुक्त चुना’ असा एक रकाना असतो, तो याच कार्बोनेटचा. अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरुड या पट्ट्यातला संत्रा बागायतदार तो रकाना धास्तीने वाचतो, कारण मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर गेला की झाडाला मातीतले लोह उचलता येत नाही आणि नवी पालवी पिवळी पडते.

त्याच बागेच्या धुऱ्यावर राहणाऱ्या गोगलगायीची गोष्ट उलटी. तिचा शंख जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि संत्र्याच्या झाडाला जाचणारा हा चुनाच तिची आयुष्यभराची शिदोरी. ती त्यावरून चालते, मातीचे कण गिळते, पालापाचोळ्याबरोबर तो खाते. तिला कॅल्शियम द्यावे लागत नाही, कारण ती त्याच्यावरच जगते. मग पावसाळ्यात एखादा पोट्टा तिला उचलून घरी आणतो. काचेच्या पेटीत किंवा बरणीत नारळाच्या भुशाचा थर देतो, काकडीची चकती ठेवतो, पाणी शिंपडतो. अन्न आहे, ओल आहे, सावली आहे. फक्त जमीन नाही. नारळाचा भुसा किंचित आम्लधर्मी, त्यात चुना नावालाही नाही. महिना-दोन महिन्यांत शंखाची कड पातळ होते, टवके उडतात, आणि घरातले लोक विचारू लागतात की हिला कोणते ‘कॅल्शियम’ आणावे.

माझे म्हणणे एवढेच आहे की त्या पेटीतून आपण जी जमीन काढून घेतली, ती परत द्यायची. तिला टॉनिक नको, गोळी नको. तिला साधे, निर्मळ कॅल्शियम कार्बोनेट हवे. ते तिच्या अन्नापासून वेगळे, तिला वाटेल तेव्हा खरवडता येईल असे, बारा महिने पेटीत असले पाहिजे. ते कुठून घ्यावे आणि कुठून घेऊ नये हे या पुस्तिकेत सविस्तर येईल, आणि ‘घेऊ नये’चा भाग ‘घ्यावे’ इतकाच महत्त्वाचा आहे.

शंख कसा तयार होतो ते आधी पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. गोगलगायीच्या अंगावर शंखाला आतून चिकटलेली एक मांसल घडी असते, तिला प्रावार म्हणतात. या प्रावाराच्या कडेतून आधी प्रथिनांचे पातळ आवरण स्रवते आणि त्याच्या आतल्या बाजूला कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक बसत जातात. वाढ फक्त तोंडाच्या कडेला होते. शंखाचे टोक म्हणजे तिचे बालपण आणि तोंडाची कड म्हणजे तिचा आजचा दिवस. म्हणून कॅल्शियम कमी पडले की ते आधी कडेवर दिसते. मधेच तडा गेला तर ती आतल्या बाजूने चुन्याचा थर देऊन तो बुजवते, पण बाहेरचे रंगीत आवरण एकदा निघाले की त्या जागी पुन्हा येत नाही. टोकाकडचा भाग पांढरा पडलेला दिसला तर ते मागच्या दुर्लक्षाचे चिन्ह समजावे. आज कॅल्शियम दिल्याने तो डाग जाणार नाही, मात्र पुढची वाढ चांगली होईल.

शंखाखेरीज तिला कॅल्शियम आणखी दोन कामांसाठी लागते, आणि ती पाळणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाहीत. एक म्हणजे अंडी. जमिनीवर राहणाऱ्या अनेक गोगलगायींच्या अंड्यांना चुन्याचे कवच असते, आणि ते कॅल्शियम आईच्या अंगातून जाते. दुसरे काम उन्हाळ्याचे. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा धुऱ्यावरच्या गोगलगायी मातीत किंवा दगडाखाली शिरून, शंखाचे तोंड पडद्याने बंद करून, महिनोन्‌महिने पडून राहतात. या काळात श्वासातून तयार होणारी आम्लता शरीरात साचते आणि ती मारायला कार्बोनेटचाच साठा खर्च होतो. जून उजाडतो तेव्हा गोगलगाय उपाशी असते, आणि तिच्या चुन्याचा साठाही घटलेला असतो. पहिल्या पावसानंतर ती माती चाटत फिरते त्याला हे कारण आहे.

हा चुना एकट्या गोगलगायीपाशी थांबत नाही. १९९४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात नेदरलँड्समधल्या जंगलांवरचे एक संशोधन छापून आले. तिथे ग्रेट टिट, म्हणजे आपल्याकडच्या वल्गुलीचे भाऊबंद, पातळ कवचाची, सच्छिद्र अंडी घालू लागले होते. संशोधक ग्राव्हलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधले. आम्लवर्षावाने जंगलाच्या मातीतला चुना घटला, त्यामुळे गोगलगायी कमी झाल्या, आणि गोगलगायींचे शंख खाऊन अंड्यांसाठी कॅल्शियम मिळवणाऱ्या पाखरांची अंडी फुटू लागली. संशोधकांनी शंखांचे आणि कोंबडीच्या अंड्यांच्या टरफलांचे तुकडे जंगलात ठेवले तेव्हा ती अंडी सुधारली. गोगलगाय मातीतला चुना उचलून इतरांना खाता येईल अशा रूपात आणते, हे तिचे निसर्गातले मोठे काम आहे. आपल्या मळ्यातल्या, अंगणातल्या पाखरांसाठीही ती हेच करत असणार असे मला वाटते, आणि म्हणून तिच्याकडे किळसवाणा प्राणी म्हणून पाहणे मला पटत नाही.

तरीही कोणती गोगलगाय पाळावी याबद्दल ही पुस्तिका कडक आहे. मोठी, तपकिरी पट्ट्यांची, लांबट शंखाची जी गोगलगाय आज महाराष्ट्रात सगळीकडे दिसते, जिला शेतकरी शंखी म्हणतात, ती मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली विल्यम बेन्सन या शंखसंग्राहकाने ती मॉरिशसहून कोलकात्याला आणली आणि ती चौरंगीच्या एका बागेत सुटली. एका हौशी माणसाच्या संग्रहातून सुरू झालेला हा प्रवास पुढे देशभर पसरला. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तिने सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली, अनेकांना दुबार पेरणी करावी लागली, आणि शासनाला मदत जाहीर करावी लागली. अमरावती-अकोल्याचे अर्थकारण सोयाबीन, पऱ्हाटी आणि संत्र्यावर उभे आहे. एक शंखी एका वेळी शेकडो अंडी घालते. अशा प्राण्याला घरात वाढवणे म्हणजे शेजारच्या वावराला धोका आणून ठेवणे, आणि कोणी कितीही काळजी घेण्याचे वचन दिले तरी मी त्याला होकार देणार नाही. पोराने आणलीच असेल तर ती परत धुऱ्यावर सोडू नये. मोठ्या माणसांनी कृषी सहायकाला विचारून तिची व्यवस्था लावावी.

पाण्यातल्या गोगलगायीही नकोत. नाल्यातल्या, तळ्यातल्या काही जाती गुराढोरांच्या यकृतातल्या पर्णकृमीच्या वाहक असतात. जमिनीवरच्या गोगलगायीही उंदरांच्या फुप्फुसातल्या एका कृमीच्या वाहक होऊ शकतात, म्हणून हात लावल्यावर साबणाने हात धुणे हा नियम प्रत्येक पानावर छापावा इतका महत्त्वाचा आहे. राहता राहिल्या अंगणातल्या, कुंडीखाली सापडणाऱ्या लहान स्थानिक जाती. त्यांचे शंख चपटे, मधासारख्या रंगाचे, नखाने दाबले तर फुटतील इतके पातळ. त्याच पाळाव्यात, आणि आपल्याच अंगणातल्या. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून काहीही उचलू नये, शंखसुद्धा नाही.

आता चुन्याकडे वळू. वऱ्हाडात कॅल्शियम म्हटले की घरातल्या माणसाचा हात आधी पानाच्या डबीकडे जातो, आणि या प्रदेशात पाळलेल्या गोगलगायीला सगळ्यांत मोठा धोका नेमका त्या डबीचा आहे.

चुनखडीचा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या बाजूला आणि पुढे चंद्रपूरकडे त्याचे मोठे साठे आहेत, सिमेंटचे कारखाने त्यावरच चालतात. हा दगड भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो उकळतो, फुगतो, आणि विरलेला चुना तयार होतो. पानाला लावतात तो हाच. तो तीव्र अल्कधर्मी असतो. माणसाच्या तोंडात तो काथाबरोबर, पानाबरोबर, चिमूटभर जातो, तरी जास्त झाला तर जीभ भाजते. गोगलगायीचे सगळे अंग म्हणजे उघडी, ओली, श्लेष्मल त्वचा. तिच्या तळव्याला विरलेला चुना लागला की ती फेस सोडते, आक्रसते आणि मरते. शंखीचा बंदोबस्त करायला शेताच्या कडेने चुन्याची किंवा राखेची पट्टी ओढायचा सल्ला कृषी विभाग देतो, तो याच गुणावर आधारलेला आहे. धुऱ्यावर जे मारण्यासाठी टाकतात तेच पेटीत पोसण्यासाठी ठेवणे म्हणजे अनर्थ.

गोंधळ होण्याचे एक समजण्यासारखे कारण आहे. चुना लावलेल्या जुन्या भिंतीवर पावसाळी रात्री शंखी चढून भिंत खरवडताना लोकांनी पाहिलेली असते. ‘चुना खातात की’ असे ते सांगतात, आणि त्यांनी पाहिलेले खरेच असते. पण भिंतीवर लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत शोषत पुन्हा कार्बोनेट होतो, म्हणजे मूळच्या दगडाच्या जातीचा होतो. गोगलगाय खरवडते तो हा जुना, शांत झालेला चुना. दोन दिवसांपूर्वी मारलेल्या चुन्याजवळ ती जात नाही. भिंतीचा पापुद्रा खरवडून पेटीत टाकावा असेही मी सुचवणार नाही, कारण त्या थरांत नीळ, डिस्टेंपर, जुना रंग काय काय असेल याचा भरवसा नसतो.

हातातली पांढरी पूड कोणती हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, स्वयंपाकघर पुरते. चिमूटभर पुडीवर लिंबाचा रस पिळावा. कार्बोनेट असेल तर बुडबुडे येतात, सूंऽ असा बारीक आवाजही येतो. दुसऱ्या चिमटीत ओली हळद कालवावी. हळद लगेच लालभडक झाली तर पुडीत विरलेला चुना आहे, कुंकू करताना हळदीला चुन्याने जो रंग चढवतात तोच हा रंग. लिंबाने फसफसणारी आणि हळद लाल न करणारी पूड तेवढी पुढच्या विचाराला घ्यावी. शाळेत हा प्रयोग मुलांकडून करून घ्यावा अशी शिक्षकांना माझी विनंती आहे. आम्ल आणि अल्क यांचा धडा त्यांना यापेक्षा चांगल्या रीतीने समजणार नाही.

या परीक्षेत खडू बहुतेक वेळा नापास होतो. आपल्याकडचा फळ्यावरचा साधा खडू जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. नावात कॅल्शियम असले तरी शंखाला हवे ते कार्बोनेट त्यात नाही. धूळ न उडणारे काही खडू कार्बोनेटचे असतात, पण त्यात बांधणीसाठी काय घातले आहे ते कळत नाही. रंगीत खडूंचा तर विचारच नको.

सगळ्यांत चांगला, सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत सोपा मार्ग अंड्याच्या टरफलाचा. एका टरफलाचे वजन पाच-सहा ग्रॅम भरते, त्यात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते, म्हणजे शुद्ध कॅल्शियम दोन ग्रॅमच्या आसपास. लहान गोगलगायीला हे कितीतरी दिवस पुरते. संध्याकाळी अंडाभुर्जीच्या गाड्यावर टरफलांचा ढीग पडलेला असतो, मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. मात्र कच्ची टरफले तशीच पेटीत टाकू नयेत. त्यावर साल्मोनेला जंतू असू शकतात आणि आतल्या पातळ पापुद्र्याला बुरशी लागते. टरफले धुवावीत, दहा मिनिटे उकळावीत, पापुद्रा सुटेल तेवढा काढावा, उन्हात वाळवावीत आणि तव्यावर मंद आचेवर थोडी शेकावीत. मग खलबत्त्यात कुटून काही भाग जाडसर ठेवावा आणि काही वस्त्रगाळ करावा. जाडसर तुकडे मोठ्यांसाठी, वस्त्रगाळ पूड पिल्लांसाठी. काचेच्या कोरड्या बरणीत ती वर्षभर टिकते.

वऱ्हाडात अनेक घरांत अंडे येत नाही. त्यांनी त्यासाठी आपली रीत मोडायची गरज नाही. कुक्कुटखाद्य विकणाऱ्या दुकानात चुनखडीच्या दगडाचे पीठ मिळते, धंद्यातली माणसे त्याला एलएसपी म्हणतात. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात चार टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम ठेवावे लागते, त्यासाठी हे पीठ पोत्यांनी खपते, आणि अमरावतीच्या भोवती कोंबडीपालन बरेच असल्याने ते मिळवायला अडचण पडत नाही. ते खनिज आहे, त्याला वास नाही, ते कुजत नाही. युरोपात खाण्यासाठी गोगलगायी पाळतात तिथल्या खाद्यातही मोठा वाटा चुनखडीच्या पिठाचाच असतो. दुकानदाराला एवढेच स्पष्ट सांगावे की निव्वळ दगडाचे पीठ हवे, प्रिमिक्स किंवा कॉन्सन्ट्रेट मिसळलेले नको. घरी आणल्यावर लिंबाची आणि हळदीची परीक्षा घ्यावीच. त्याच दुकानात शिंपल्यांचा चुरा, शेल ग्रिट म्हणून, मिळतो. तोही चालतो, पण तो समुद्रातून आलेला असतो. दोन-तीन पाण्यांनी धुऊन त्यातले मीठ घालवावे.

माझ्या सगळ्यांत आवडीचे मात्र समुद्रफेन. नाव फेसाचे असले तरी ते माकुळाच्या कुळातल्या एका समुद्री प्राण्याच्या पाठीतले हाड आहे, पांढरे, हलके, एका बाजूने टणक आणि दुसऱ्या बाजूने नखाने कोरता येईल असे मऊ. आयुर्वेदात ते पूर्वापार वापरात आहे, म्हणून अमरावती-अकोल्याच्या जुन्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात ते मिळते. लव्हबर्ड विकणाऱ्यांकडेही पिंजऱ्यात लटकवायला असते. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावात एका मृदुकायाचे हाड दुसऱ्या मृदुकायाच्या शंखासाठी उपयोगी पडते, याचे मला फार अप्रूप आहे. दोन्ही एकाच संघातली, दोघांचाही चुना एकाच जातीच्या स्फटिकांचा. अखंड तुकडा घ्यावा, पूड घेऊ नये, कारण पुडीत भेसळ ओळखू येत नाही. एक दिवस गोड्या पाण्यात भिजवून मीठ घालवावे, वाळवावे आणि मऊ बाजू वर करून पेटीत ठेवावे. गोगलगायीच्या जिभेवर हजारो बारीक दातांची पट्टी असते. समुद्रफेनावर तिने रात्री ओढलेले चरे सकाळी भिंगातून पाहिले की ती किती खाते याचा अंदाज येतो, हा पुडीत न मिळणारा फायदा.

जे द्यायचे नाही त्याची यादी लांबवत नाही, कारणे तेवढी सांगतो. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्यांत साखर, चव, रंग, जीवनसत्त्वे, कधी लोह असते. गुरांसाठीच्या क्षारमिश्रणात तांबे आणि जस्त असते, आणि तांबे गोगलगायीला विष आहे. गोगलगायी मारायला मोरचूद पूर्वीपासून वापरतात. हाडांच्या चुऱ्यात आणि डीसीपीत, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये, कॅल्शियम असते ते फॉस्फेटच्या रूपात, शंखाला त्याचा थेट उपयोग नाही.

तांब्याचा मुद्दा संत्र्याच्या प्रदेशात विशेष लक्षात ठेवायचा आहे. बागायतदार झाडांच्या बुंध्यांना मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मलम लावतात. डिंक्या रोगाला अटकाव म्हणून ते योग्यच आहे. पण त्यामुळे बुंध्याखालच्या मातीत वर्षानुवर्षे तांबे साचते. पेटीसाठी माती आणायची तर संत्र्याच्या बागेतून आणू नये, पऱ्हाटीच्या वावरातूनही नको, तिथे कीटकनाशकांचे अवशेष असतात. जिथे कधी फवारणी झाली नाही अशा परसातली काळी माती घ्यावी, उन्हात पसरून वाळवावी, चाळावी. तिच्यावर लिंबू पिळून पाहावे, फसफसली तर आपल्या गोगलगायीचे नशीब चांगले. नारळाच्या भुशात निम्मी अशी माती मिसळली की पेटीच्या तळालाच चुना येतो. गोगलगाय कॅल्शियम तोंडाने खाते, आणि काही प्रमाणात पायाच्या तळव्यातूनही शोषून घेते. म्हणून खालचा थर चुन्याचा असणे हे भांड्यात पूड ठेवण्याइतकेच कामाचे आहे.

मातीसारखाच पाण्याचाही प्रश्न आहे, आणि तो खारपाणपट्ट्यातल्या वाचकांसाठी. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागांत जमिनीखालचे पाणी खारे आहे. त्या पाण्याने भांड्यावर पांढरा थर बसतो, तेव्हा ‘पाण्यातूनच कॅल्शियम मिळेल’ असे कोणाला वाटू शकते. पण खारपाणात सोडियमचे क्षार जास्त असतात, आणि मिठाने गोगलगायीच्या अंगातले पाणी ओढले जाते. तिथल्या घरांनी पेटीत शिंपडायला पावसाचे साठवलेले किंवा गाळणयंत्राचे पाणी वापरावे. कॅल्शियम वेगळे द्यावे, पाणी गोडे द्यावे.

पाल्याबद्दल थोडे. शेवग्याचा पाला कॅल्शियमने समृद्ध असतो, दारातल्या झाडावर फवारणी झालेली नसते, आणि गोगलगायी तो आवडीने खातात. पालक मात्र वारंवार देऊ नये. त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि पोटात मिळालेलेही वाया जाते. पाला कितीही चांगला असला तरी तो चुन्याची जागा घेत नाही, हे मात्र धरून चालावे.

अन्नावर पूड भुरभुरून द्यावी का, असे पुष्कळ जण विचारतात. मी नाही म्हणतो. अन्नावर पूड टाकली की ती किती खाते हे आपण ठरवतो, आणि आपल्याला तिची गरज कळत नाही. वाढीच्या दिवसांत ती रोज खरवडेल, थंडीत आठवडा-आठवडा बघणारही नाही. शिवाय कोरडी पूड तळव्याला चिकटली तर तिला चालणे अवघड होते. उथळ पन्हळी कौलाच्या तुकड्यावर ओलसर केलेली पूड, शेजारी समुद्रफेनाचा तुकडा, एवढी मांडणी पुरे. दर आठवड्याला बुरशी आली का ते पाहावे, आली तर बदलावे. उन्हाळ्यात तिने तोंडावर पडदा ओढला तर तिला उठवण्यासाठी पाणी मारू नये. पण चुना तिथेच असू द्यावा, कारण उठल्यावर तिला आधी तोच लागेल.

कमतरता ओळखायच्या खुणा सहाव्या प्रकरणात चित्रांसह दिल्या आहेत. त्यातली एक इथेच सांगतो, कारण ती उशिरा कळून चालत नाही. एका पेटीतल्या गोगलगायी एकमेकींच्या शंखांवर चढून खरवडू लागल्या, टोके झिजलेली दिसू लागली, तर ते भांडण समजू नये. शेजारणीच्या पाठीवर त्यांना चुना दिसतो आहे आणि पेटीत दुसरीकडे कुठे दिसत नाही. त्याच दिवशी टरफलाची पूड ठेवली तर हे थांबते. मेलेल्या गोगलगायींचे रिकामे शंख असतील तर तेही उकळून, वाळवून, फोडून पेटीत ठेवावेत. तिच्या अंगाला लागणारा चुना ज्या रूपात हवा त्याच रूपात तो असतो.

अंडी आणि पिल्ले हा विषय शेवटच्या प्रकरणात घेतला आहे, आणि पालकांनी तो आधी वाचावा असे मला वाटते. गोगलगाय उभयलिंगी असते, दोन एकत्र ठेवल्या की अंडी येणारच. पेटीच्या मातीत मोहरीएवढ्या पांढऱ्या दाण्यांचा पुंजका दिसला तर किती पिल्ले सांभाळता येतील ते आधीच ठरवावे आणि बाकीची अंडी एका डबीत घालून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावीत, मगच टाकावीत. उकिरड्यावर किंवा कुंडीत जिवंत अंडी टाकू नयेत. ठेवलेल्या अंड्यांतून पिल्ले बाहेर आली की ती आधी आपल्याच अंड्याचे कवच खातात. ते कवच लगेच काढून पेटी स्वच्छ करायचा मोह होतो, तो आवरावा. एक-दोन दिवसांत ते संपते, आणि तिसऱ्या दिवसापासून ओल्या कौलाच्या तुकड्यावर चिमूटभर वस्त्रगाळ टरफलाची पूड आणि शेवग्याचे एक कोवळे पान ठेवायला सुरुवात करावी.